रत्नागिरी, बोला

रविवारी दुपारी तीन वाजता चारुदत्त आठल्ये यांनी कोल्हापूरचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. फोन कुणी उचलला नाही.

हा २००२ सालच्या नोव्हेंबरमधला रविवार. आठल्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, पाणी प्यायले आणि पुन्हा नंबर लावला. पुन्हा तेच. वासंती, त्यांची बायको, माजघरात कुळीथ निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारले, "नाहीत का?"

"तीनला असतात."

"रविवार आहे. गेल्या असतील कुठे लग्नाकार्याला."

"त्या नाही जायच्या."

"तुम्हाला काय ठाऊक? त्यांना मुलं किती, हे तरी ठाऊक आहे का?"

आठल्यांना ते ठाऊक नव्हते. ज्या बाईंशी ते पाव शतक जवळजवळ रोज फोनवर बोलत आले, त्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. त्यांचे नाव यमुनाबाई आणि त्यांचा हात भरभर चालतो, एवढीच त्यांची माहिती.

आठल्ये कोल्हापूरहून निघणाऱ्या एका दैनिकाचे रत्नागिरीचे वार्ताहर होते. त्या काळी बातमी पाठवण्याचे मार्ग दोन. घाई नसेल तर पाकीट एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती द्यायचे, घाई असेल तर ट्रंककॉल लावून तोंडी सांगायची. आठल्यांना नेहमीच घाई असे. कॉल तीन मिनिटांचा. तेवढ्यात मजकूर गेला नाही तर ऑपरेटर मध्ये तोंड घाली आणि बातमीचे शेपूट इकडेच राही. त्यातून त्यांना सवय लागली ती अशी: कागदावर नावे आणि आकडे तेवढे टिपायचे, बाकीची बातमी टपाल कचेरीपर्यंत चालता चालता डोक्यात जुळवायची, आणि फोन लागला की सोडायची. पलीकडे, कोल्हापूरच्या कचेरीतल्या फोनच्या खोलीत, यमुनाबाई ती उतरवून घेत.

"रत्नागिरी, बोला," असे त्या म्हणत. फोनच्या त्या खोलीत वार्ताहरांना नावे नव्हती, गावे होती. सावंतवाडी, चिपळूण, कराड, रत्नागिरी. वाक्य उतरले की म्हणत, "पुढं?" बाकी अवांतर शब्द नाही. आठल्यांनीच पहिल्या महिन्यात बजावले होते, "बाई, फोनवर फक्त मजकूर. तब्येतपाणी, पाऊसपाणी काही नको." पुढे एस.टी.डी. आला, मिनिटांची टंचाई संपली, तरी तो नियम तसाच राहिला. दोघांनाही तो अडचणीचा वाटला नाही, निदान आठल्यांना तरी.

१९९९ साली ते निवृत्त झाले. त्याच सुमारास दैनिकाने फोनची खोली बंद केली. बातम्या आधी फॅक्सने आणि मग संगणकाने जाऊ लागल्या.

निवृत्त झाल्यावर एक पुस्तक लिहायचे, हे त्यांच्या मनात फार वर्षांपासून होते. ते काशीरामवर. काशीराम घाणेकर हा मालगुंडच्या शाळेत त्यांच्या बाकावर बसणारा मुलगा, मोठेपणी जयगडच्या बंदरावर कारकून झालेला. १९७३च्या माघात दोघे खाडीपलीकडच्या गावी देवीच्या जत्रेला गेले होते. सांजेला परतताना होडी भरली. आठल्ये आत बसलेही होते. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आले, की जत्रेची बातमी सहाच्या आत गेली नाही तर उद्याच्या अंकात लागणार नाही. ते उठून धक्क्यावर उतरले.

"काय रे चारू, जत्रेची कसली आलीय बातमी?" काशीराम होडीतून म्हणाला. "नारळ फोडला आणि तो फुटला?"

"तू हो पुढे. मी मागच्या होडीने येतो."

"ये. पण येताना चहा पिऊन ये. घरात साखर नाही."

उतरलेल्या एकाच्या जागी दोन माणसे दाटीवाटीने बसली. मध्यावर गेल्यावर होडी कलली.

जत्रेची बातमी दिली त्याच टपाल कचेरीतून, त्याच फोनवरून आठल्यांनी त्या संध्याकाळी दुसरी बातमी दिली. यमुनाबाई तेव्हा नव्यानेच कामाला लागलेल्या. बुडालेल्यांची नावे सांगताना काशीरामपाशी आठल्यांचा आवाज थांबला. पलीकडून "पुढं?" आले आणि ते पुढे गेले. पुढच्या नावांतले एक नाव यमुनाबाईंनी "परत सांगा" म्हणून दुसऱ्यांदा विचारून घेतले. तसे त्यांनी नंतर कधी केले नाही. लाइन खराब असेल, असे आठल्यांना वाटले. बातमी दुसऱ्या दिवशी बारा ओळींत छापून आली.

पुस्तक बारा ओळींचे होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. झाले मात्र नेमके तसेच.

पहाटे लिहावे असे कुणी सुचवले, म्हणून ते पहाटे उठू लागले. त्या दोन महिन्यांत अंगण फार स्वच्छ राहिले, लिहून काही झाले नाही. मग मेहुण्याच्या मालगुंडच्या आंबाबागेत राखणदाराच्या खोपीत टेबल टाकले. तिथून वानराने शाईची दौत पळवली. "त्याने तरी काही लिहिलंय का, बघून या," वासंती म्हणाली. नवी पेने आली, रेघांचे कागद आले, बिनरेघांचे आले. अडचण जागेची नव्हती आणि वेळेचीही नव्हती. हातात पेन आले की आठल्यांमधला जुना बातमीदार जागा व्हायचा. सकाळी चार पाने लिहायची, दुपारी त्यातले नको ते काढायचे, संध्याकाळी उरलेले पुन्हा वाचायचे. दिवेलागणीला टेबलावर एक परिच्छेद असे आणि त्यात काशीराम म्हणजे 'मृत, वय ३२, व्यवसाय कारकून' एवढाच शिल्लक असे. तो कसा हसत असे, शाळेत पाटीवर थुंकून ती कशी पुसत असे, हे सगळे कापलेल्या भागात जाई. कापलेले चूक होते असेही नाही. बातमी म्हणून एकेक काटछाट बरोबरच होती.

अशी तीन वर्षे गेली.

२००२च्या मे महिन्यात दारासमोरचा विजेचा खांब कलला. आठल्यांनी वीज कचेरीत फोन केला. "सांगा, लिहून घेतो," तिकडचा कारकून म्हणाला. आठल्ये सांगू लागले. खांब कधी उभारला, त्याच्या पायथ्याची जांभ्याची दरड कुणी फोडली, त्यावर रोज कोणता कावळा बसतो आणि तो हल्ली बसायचा का थांबला. कारकुनाने मध्ये एकदा "बरं, पुढे?" म्हटले आणि आठल्ये आणखी पुढे गेले.

फोन ठेवून वळले तर वासंती दारात उभी.

"खांबाची गोष्ट सांगितलीत तुम्ही," ती म्हणाली. "मी दूध उतू घालवून ऐकली. काशीरामभाऊजींची का नाही सांगत अशी?"

"कुणाला सांगू?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा. वीज मंडळाला नको म्हणजे झालं."

दैनिकाच्या कचेरीतून यमुनाबाईंच्या घरचा नंबर मिळवायला आठल्यांना आठवडा लागला. फोन लावला तेव्हा पहिल्यांदाच काय बोलायचे ते डोक्यात जुळलेले नव्हते.

"आठल्ये बोलतोय."

"कोण आठल्ये?"

"रत्नागिरी."

"हां. रत्नागिरी, बोला."

मधली तीन वर्षे जणू लाइन नुसती खरखरत होती. आठल्यांनी सांगितले, की बातमी नाही, पुस्तक आहे, मोठे आहे, खाडीवरचे आहे.



"कुठली खाडी?"

"जयगडची."

"रविवारी तीनला करा," यमुनाबाई म्हणाल्या. "घेते."

जूनच्या पहिल्या रविवारी सुरुवात झाली. आठल्ये फोनपाशी उभे राहून सांगत. बसून त्यांना जमत नसे. बोललेले वाक्य कोल्हापूरला पोचलेले असे, त्यामुळे मागे जाऊन त्यावर काट मारण्याची सोय नव्हती. आणि प्रत्येक वाक्यापाठोपाठ "पुढं?" येई. तो शब्द आला की पुढचे वाक्य आपोआप जिभेवर येऊन उभे राही. काशीराम पाटी पुसू लागला. मालगुंडहून गणपतीपुळ्यापर्यंत चालताना त्याने दोन पैशांच्या पैजेवर खाल्लेले तिखट बोंबील आले, जयगडच्या धक्क्यावर बोटीच्या खलाशांशी त्याने मारलेल्या गप्पा आल्या. आठवड्याच्या मध्याला पाकीट येई. त्यात यमुनाबाईंच्या गोल, सरळ अक्षरातली पाने. आठल्ये ती वाचत आणि त्यांना नवल वाटे, कारण सांगून झालेले त्यांच्या डोक्यात कधीच राहत नसे. ही पण जुनीच सवय. आजची बातमी गेली की उद्याच्या बातमीसाठी जागा रिकामी व्हायला हवी. पाने हीच एक प्रत. त्यांना ती पुरेशी वाटे.

वासंतीला एक गोष्ट खटकत असे.

"अहो, बाईंची चौकशी तरी करा कधी. यंत्र आहे का ते?"

"त्यांना आवडत नाही अवांतर."

"विचारलंत?"

"इतक्या वर्षांत कधी काही बोलल्या नाहीत."

"तुम्ही बोलू दिलंत तर बोलतील ना. परवा तुम्ही 'संपलं' म्हणून फोन आपटलात, तेव्हा तिकडून काही तरी आवाज येत होता. मला इथे ऐकू आला."

"आपटला नाही. ठेवला."

"बरं, ठेवलात."

आठल्यांनी मनात धरले, की पुस्तक झाले की कोल्हापूरला जायचे, बाईंना भेटायचे, साडी द्यायची, सगळी चौकशी करायची. आधी काम. आयुष्यभर हा क्रम त्यांनी पाळला होता आणि त्यात त्यांना काही वावगे दिसत नव्हते.

होडीचे प्रकरण ते पुढे ढकलत राहिले. पावसाळा गेला, नवरात्र गेले, दिवाळी झाली. सांगण्यासारखे दुसरे काही उरले नाही तेव्हा, नोव्हेंबरच्या मधल्या एका रविवारी, ते फोनपाशी उभे राहिले.

"रत्नागिरी, बोला."

त्या दिवशी आठल्ये जसे बोलले तसे ते आधी कधी बोलले नव्हते. जत्रेतली धूळ आली. देवळामागे बसलेली बांगडीवाली आली. धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या, होडीवाल्याने मोजायचे सोडून दिलेली माणसे, पायाशी पिशव्या धरून बसलेल्या बायका. मग ते स्वतः उठले. एक पाय होडीत, एक धक्क्यावर. काशीराम नारळाबद्दल बोलला. गेल्या एकोणतीस वर्षांत त्यांनी हे कुणालाही सांगितले नव्हते, वासंतीलासुद्धा नाही. तिला वाटत होते, ते मुळात होडीत बसलेच नव्हते. आता ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती आणि त्यांना ते दिसत नव्हते.

"पुढं?" आले नाही.

"आठल्ये," यमुनाबाई म्हणाल्या, "थांबा जरा."

पान भरले असेल, असे त्यांना वाटले. "पान नंतर उलटा, बाई. घ्या."

"नाही, पान नाही. त्या संध्याकाळी मी..."

"आत्ता नको. तुटेल. आधी हे घ्या."

लाइनवर थोडी खरखर झाली. मग नेहमीच्या आवाजात, नेहमीसारखे आले, "बरं. पुढं?"

आठल्ये शेवटापर्यंत गेले. होडी कलली, माणसे गेली, त्यांनी टपाल कचेरीत फोन मागितला, नावे सांगितली. "संपलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. कपाळ घामाने भिजले होते. इतके हलके त्यांना कैक वर्षांत वाटले नव्हते. ते चपला घालून मांडवीच्या धक्क्यापर्यंत चालत गेले आणि काळोख पडायच्या आत परतले.

वासंतीने चहा दिला. 

"मला का नाही सांगितलंत?" तिने विचारले.

त्यांनी चहा बशीत ओतला. तिने ते फार ताणले नाही.

"आणि त्या काय सांगत होत्या?"

"कोण?"

"यमुनाबाई. मध्येच थांबवलं ना तुम्हाला."

तेव्हा कुठे आठल्यांना ते आठवले. आणि दुसरेही आठवले. त्या 'आठल्ये' म्हणाल्या होत्या. पंचवीस वर्षांत एकदाही त्यांनी त्यांना नावाने हाक मारली नव्हती.

"पुढच्या रविवारी विचारतो," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी तीन वाजता फोन कुणी उचलला नाही. आठवड्याच्या मध्याला येणारे पाकीटही आलेले नव्हते.

ते नंतरही आले नाही. आठल्ये रोज फोन करू लागले, सकाळी, दुपारी, सांजेला. कागद घेऊन ते प्रकरण पुन्हा लिहायला बसले, तर काय सांगितले त्याचा क्रम आठवला, शब्द आठवले नाहीत. लिहीत गेले, कापत गेले, आणि चौथ्या दिवशी ओळी मोजून पाहिल्या, बाराच भरल्या. मग कागद फाडले. वासंतीने सुचवले, "मला सांगा. मी घेते लिहून." त्यांनी प्रयत्न केला. ती समोर बसली, पेन उघडले, "पुढे?" असेही म्हणाली. आठल्ये तिच्या तोंडाकडे बघत राहिले. समोर माणूस दिसत असताना त्यांना सांगता येईना. "जाऊ दे," ती म्हणाली आणि पेन मिटून आत गेली.

जानेवारीत ते एस.टी.ने कोल्हापूरला गेले. पाकिटांच्या मागे पत्ता असे. चाळवजा घर, पहिला मजला, दाराला कुलूप. शेजारची बाई बाहेर आली.

"कोण पायजे?"

"यमुनाबाई."

"त्यास्नी मुलानं नेलं की. दिवाळी झाल्यावर. तब्येत बरी नव्हती. सोलापूरकडं असतोय म्हणं."

"पत्ता?"

"न्हाई बा. गडबडीत नेलं. सामान, कागदं, सगळं आतच हाय." तिने त्यांच्याकडे नीट पाहिले. "तुम्ही रत्नागिरी का?"

आठल्यांनी मान हलवली.

"रविवारी दार लावून बसायच्या. रत्नागिरीचा फोन हाय, कुणी आत यायचं न्हाई, म्हणायच्या. आमाला वाटायचं, माहेरचा असंल."

"माहेर?"

"तिकडलंच की त्यांचं. खाडीवरलं कुठलं तरी गाव. तुमाला ठाऊक न्हाई?"

आठल्यांनी जुन्या सवयीने लगेच पुढचा प्रश्न विचारला, "माहेरचं आडनाव काय?"

"ते कदी विचारलं न्हाई बगा," बाई म्हणाली.

त्यांनी आपला नंबर तिच्यापाशी लिहून ठेवला. मुलगा आला, फोन आला, तर कळवा असे सांगितले. तिने हो म्हटले.

आंबा घाट उतरताना ते खिडकीशी बसले होते. एकोणतीस वर्षांपूर्वी 'परत सांगा' म्हणून दुसऱ्यांदा विचारलेले नाव कोणते, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. काशीरामचे नव्हते, त्याच्या नंतरचे होते. एवढे नक्की. त्यापुढे काही येत नव्हते. जुन्या अंकात सगळी नावे मिळतील, पण त्यांतले कोणते, ते अंकात छापलेले नसणार. आणि कोकणात खाड्या काय एक आहेत? दाभोळची आहे, जयगडची आहे, भाट्याची आहे. शेजारणीच्या बोलण्यावरून काही ठरवणे बातमीदाराला शोभत नाही, हे त्यांनी स्वतःला सांगितले. सांगितले तरी घाट उतरेपर्यंत त्यांना तो 'पुढं?' ऐकू येत होता. काशीरामच्या नावापाशी ते थांबले तेव्हा ज्या आवाजाने त्यांना पुढे ढकलले, तो आवाज त्यानंतर कुठल्या नावापाशी थांबला होता?

घरी आल्यावर त्यांनी वासंतीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे प्रकरण गेलं?"

"प्रकरण मिळालं नाही तरी चालेल."

"खरं?"

ते पूर्ण खरे नव्हते. पण फोन लागलाच तर पहिले वाक्य कोणते, हे त्यांनी ठरवून ठेवले होते, आणि त्यात पुस्तकाचा उल्लेख नव्हता. "बाई, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होतात?" एवढेच. नंतर गप्प राहायचे.

नव्या वर्षात टेलिफोन खात्याने सगळ्या नंबरांच्या आधी दोनचा आकडा लावला. जुन्या नंबरावर एक ध्वनिफीत वाजू लागली. आठल्यांनी दोन लावून पाहिले. घंटी वाजली, म्हणजे लाइन तोडलेली नव्हती. ते आता रोज करत नाहीत, रविवारी तीनला करतात. कोल्हापूरच्या शेजारणीचा निरोप अजून आलेला नाही.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी तीन वाजता तो नंबर पहिल्यांदाच एंगेज लागला, म्हणजे तिकडे कुणीतरी फोनवर होते. आठल्यांनी वासंतीला हाक मारली. ती येऊन फोनपाशी उभी राहिली आणि तिने स्वतः ऐकले. सव्वातीनला पुन्हा एंगेज. चार वाजता लावला तेव्हा घंटी वाजली, आणि वाजत राहिली.